दात काढायचा की वाचवायचा: सरकारी दंतसेवेत परवडणारे उपचार मिळवताना आपली निवड कशी राखावी

माझ्या आत्याने पन्नाशी ओलांडेपर्यंत पाच दाढा काढून टाकल्या होत्या. प्रत्येक वेळी क्रम तोच असे: आठवडाभर लवंग दाबून दुखणे सोसायचे, मग जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जायचे आणि दाढ काढून संध्याकाळच्या एसटीने घरी परतायचे. सहाव्या वेळी मी तिच्यासोबत गेले होते आणि दंतवैद्यांना एवढेच विचारले, "डॉक्टर, ही दाढ वाचू शकते का?" त्यांनी पुन्हा एकदा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि प्रामाणिकपणे सांगितले की दाढ वाचेल, परंतु रूट कॅनलची सोय तिथे नसल्याने दंत महाविद्यालयात जावे लागेल. आधीच्या पाच वेळी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, म्हणून त्याचे उत्तरही कोणी दिले नव्हते.

सरकारी दंतसेवेत पैसे कमी लागतात आणि दिवस जास्त लागतात. त्यामुळे ज्या उपचाराला एकच फेरी पुरते, त्याकडे, म्हणजे दात काढण्याकडे, सगळेच नकळत झुकतात. रुग्णाला घरी परतायचे असते आणि डॉक्टरांसमोर रांग असते. हा निर्णय असा आपोआप होऊ नये, यासाठी कोणत्या टप्प्यावर काय विचारावे आणि कोणता कागद जपावा, हे महाराष्ट्रातील व्यवस्था समोर ठेवून पुढे सांगितले आहे.

कोणत्या दारी जायचे

सार्वजनिक दंतसेवा एकाच खात्याच्या हाती नाही, हे आधी लक्षात घ्यावे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय ही राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. या विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार नि:शुल्क करण्यात आले. शासकीय दंत महाविद्यालये मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात आणि तिथे ठरलेले शुल्क भरावे लागते, जे खासगी दवाखान्याच्या तुलनेत फारच थोडे असते. अलीकडच्या वर्षांत काही जिल्हा रुग्णालये नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेल्यामुळे, लोकांच्या तोंडी "सिव्हिल" असलेली जागा आता नेमक्या कोणत्या विभागाची आहे, हे केसपेपरच्या खिडकीवर विचारून घेणे बरे.

तपासणी, साधे भरण, दात साफ करणे, दात काढणे आणि सूज आल्यावरचे तातडीचे उपचार यांसाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातील दंत विभाग हे पहिले ठिकाण असावे. काही जिल्हा रुग्णालयांत रूट कॅनलही केले जाते, म्हणून "इथे होत नाही" असे आधीच गृहीत धरू नये. दाढांचे रूट कॅनल, कॅप, कवळी, हिरड्यांची शस्त्रक्रिया, वेड्यावाकड्या दातांना तारा किंवा अडकलेली अक्कलदाढ यांसाठी दंत महाविद्यालय गाठावे. राज्य शासनाची दंत महाविद्यालये मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरात आहेत. मुंबई सेंट्रलजवळचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय मुंबई महानगरपालिका चालवते. सावंतवाडी किंवा दोडामार्गच्या रुग्णाला मुंबईपेक्षा बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय कितीतरी जवळ पडते, मात्र गोव्याबाहेरच्या रुग्णांसाठी दर वेगळे आहेत का, याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

ज्यांच्या पगारातून ईएसआयसीची वर्गणी कापली जाते, त्यांनी कर्मचारी राज्य विमा रुग्णालयातील दंत विभागाचा विचार आधी करावा. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेले कामगार आणि त्यांचे कुटुंबीय या योजनेत येतात, तरीही दातांसाठी या कार्डाचा उपयोग होऊ शकतो हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. आणि जिथे यांतले काहीच जवळ नसेल, तिथे खासगी दंत महाविद्यालयाची ओपीडी हा पर्याय उरतो. विद्यार्थ्यांना पदवीसाठी ठरावीक संख्येने रुग्णांवर उपचार पूर्ण करून दाखवावे लागतात, त्यामुळे त्या महाविद्यालयांनाही रुग्ण हवे असतात आणि दर बहुधा आवाक्यातले ठेवलेले असतात.

घरातून निघण्यापूर्वी

आधार कार्ड, शिधापत्रिका, पूर्वीचे दातांचे एक्स-रे आणि चालू असलेल्या औषधांची पाकिटे बरोबर घ्यावीत. औषधांची नावे आठवून सांगण्यापेक्षा पाकीट टेबलावर ठेवणे केव्हाही चांगले, कारण रक्त पातळ करणारी गोळी, हाडांच्या ठिसूळपणासाठीचे इंजेक्शन किंवा मधुमेहाचे औषध यांवर दात आज काढायचा की नाही हे अवलंबून असते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ज्या डॉक्टरांनी ती सुरू केली, त्यांना विचारूनच काय ते ठरवावे. मधुमेही रुग्णाने नाश्ता करून आणि सकाळची औषधे नेहमीप्रमाणे घेऊनच यावे. दात काढायचा म्हणून उपाशी येणारे कितीतरी रुग्ण खुर्चीवर बसल्याबसल्या चक्कर येऊन पडतात.

सकाळी लवकर पोहोचावे, कारण नव्या रुग्णांची नोंदणी साधारणतः दुपारपूर्वीच थांबते. पिवळी शिधापत्रिका किंवा अन्य कारणाने सवलत मिळण्यासारखी असेल, तर ती गोष्ट केसपेपर काढतानाच विचारावी. पावती फाटल्यावर ती दुरुस्त करून घेण्यात अर्धा दिवस जातो.

केसपेपरवर काय लिहिले आहे

दंत महाविद्यालयात पहिली तपासणी ओरल मेडिसिन विभागात होते. तिथे तोंड तपासून एक्स-रे काढला जातो, एका-दोन दातांचा छोटा "आयओपीए" किंवा संपूर्ण जबड्याचा "ओपीजी", आणि मग रुग्णाला पुढच्या विभागात पाठवतात. भरण व रूट कॅनल कॉन्झर्व्हेटिव्हमध्ये, हिरड्या पेरिओमध्ये, कवळी व कॅप प्रॉस्थोमध्ये, दात काढणे ओरल सर्जरीत, तारा ऑर्थोमध्ये आणि लहान मुले पेडोमध्ये. ही नावे ऐकून गोंधळ होतो. एकदा कागदावर लिहून घेतली की मजल्यामजल्यावर विचारत फिरावे लागत नाही.

केसपेपरवर दाताचा दोन आकडी क्रमांक असतो आणि तो प्रत्येक रुग्णाने समजून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पहिला आकडा तोंडाचा चतुर्थांश दाखवतो: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत जातो. म्हणजे ४६ ही खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ आणि ३६ ही तीच दाढ डावीकडची. ही उजवी-डावी रुग्णाची स्वतःची असते, समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांची नव्हे. खुर्चीवर बसल्यावर दुखणाऱ्या दातावर बोट ठेवावे आणि "कागदावर सेहेचाळीसच लिहिले आहे ना?" असे विचारावे. या प्रश्नाने कोणाचाही अपमान होत नाही आणि चुकीच्या दातावर उपचार होण्याची शक्यता तिथेच संपते.

निवडीचा खरा टप्पा

तपासणी झाल्यावर आणि उपचार सुरू होण्यापूर्वी जी दोन-तीन मिनिटे मिळतात, तीच रुग्णाच्या निवडीची जागा असते. त्या वेळात चार गोष्टी विचाराव्यात: दात वाचू शकतो का, वाचवायचा असेल तर कुठे, किती फेऱ्यांत आणि एकूण किती खर्चात, काढला तर त्या जागी पुढे काय करावे लागेल, आणि काही काळ काहीच केले नाही तर काय होईल. शेवटचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात, परंतु अनेकदा त्याचे उत्तर "महिनाभर थांबलात तरी चालेल" असे असते आणि तेवढ्या वेळात पैशांची किंवा रजेची सोय लावता येते.

रुग्णाच्या संमतीविषयी कायदा अगदी स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि उपलब्ध पर्याय समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती होय, आणि जिवावरचा प्रसंग नसेल तर एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवलेली रुग्णहक्कांची सनदही माहिती मिळण्याचा, दुसरे मत घेण्याचा आणि आपल्या उपचारांच्या नोंदींची प्रत मिळण्याचा हक्क नमूद करते. उपचार मोफत असले म्हणून यांतला एकही हक्क कमी होत नाही.

प्रत्येक दात वाचवण्याचा हट्ट धरावा, असे मात्र मी म्हणणार नाही. मुळाशी हाड झिजून हलू लागलेला दात, हिरडीखाली चिरलेला दात किंवा वारंवार सुजणारी आणि समोर जोडीदार नसलेली अक्कलदाढ काढणेच हिताचे असते. याउलट, पहिली मोठी दाढ केवळ कीड खोल गेली म्हणून काढली, तर शेजारचे दात त्या जागेत झुकतात, समोरची दाढ लांबते आणि त्या बाजूने चावणे अवघड होत जाते. म्हणून ३६, ४६, १६ आणि २६ या चार दाढांच्या बाबतीत दुसऱ्या ठिकाणचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. दुखणे असह्य असेल, तर त्या दिवशी दाढ उघडून आतला दाब मोकळा करून घेता येतो आणि पुढचा निर्णय शांतपणे करता येतो, हेही ध्यानात ठेवावे.

भरणातही निवड असते. चांदी मजबूत, पण काळसर दिसते. जीआयसी म्हणजे लोक ज्याला सिमेंट म्हणतात ते दाताला चिकटते व फ्लोराइड सोडते, परंतु दाढेवर लवकर झिजते. कॉम्पोझिट दाताच्या रंगाचे असते, मात्र भरताना जागा पूर्ण कोरडी राहावी लागते. विभागात त्या दिवशी काय उपलब्ध आहे हे विचारून, पुढच्या दातासाठी दिसणे आणि मागच्या दाढेसाठी टिकणे, असा विचार करावा.

खर्चाचा हिशेब पूर्ण उपचाराचा करावा

रूट कॅनलचे शुल्क ऐकून लोक होकार देतात आणि कॅपचा खर्च नंतर समोर आला की उपचार अर्ध्यावर सोडतात. आतली नस काढलेली आणि कीड कोरून पोकळ झालेली दाढ कॅपशिवाय चावताना दुभंगते, आणि मग ती काढावीच लागते. तोवरचा सगळा खर्च आणि सगळ्या फेऱ्या वाया जातात. म्हणून पहिल्याच दिवशी दरफलकाजवळ उभे राहून एक्स-रे, रूट कॅनल, वरचे भरण आणि कॅप यांची बेरीज करावी आणि त्यात गाडीभाडे व बुडणारी मजुरीही धरावी. मागच्या दाढेसाठी धातूची कॅप पुरेशी भक्कम असते आणि ती सर्वांत स्वस्तही असते. हसताना जी दाढ दिसतच नाही, तिच्यासाठी महागड्या पांढऱ्या कॅपचा भार घेण्याचे कारण मला दिसत नाही. बाहेरून एखादे साहित्य आणायला किंवा प्रयोगशाळेचे पैसे द्यायला सांगितले, तर ते कोणत्या नियमाने आणि त्याची पावती कोण देणार, हे विभागप्रमुखांच्या कार्यालयात विचारून घ्यावे. पावतीशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नयेत.

विद्यार्थी उपचार करणार म्हणजे काय

दंत महाविद्यालयात बहुतेक काम विद्यार्थी, इंटर्न आणि एमडीएस ही दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी करणारे डॉक्टर करतात. विद्यार्थ्याला प्रत्येक पायरी शिक्षकांना दाखवून पुढे जावे लागते, त्यामुळे खासगी दवाखान्यात अर्ध्या तासात होणारे काम तिथे संपूर्ण सकाळ खाते. त्या विलंबातच तपासणीची दुसरी नजर असते. आपल्यावर कोण उपचार करत आहे आणि देखरेख कोणाची आहे, हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. दाढेची मुळे वाकडी असतील किंवा रुग्णाला हृदयविकार असेल, तर एमडीएसच्या डॉक्टरांकडे काम द्यावे, अशी विनंती करता येते. तोंडाची छायाचित्रे काढायची असतील, तर त्यासाठी वेगळी परवानगी मागितली गेली पाहिजे आणि ती नाकारल्याने उपचार थांबत नाहीत.

बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, इंटर्नशिप एक वर्षाची असते आणि त्या काळात इंटर्न विभाग बदलत राहतात. लांबणारा उपचार सुरू करताना "तुमची या विभागातली मुदत कधी संपते?" असे विचारावे आणि परीक्षेचे दिवस टाळून तारखा घ्याव्यात. उपचार मध्येच दुसऱ्याकडे गेला, तर केसपेपर, एक्स-रे आणि शेवटच्या फेरीची नोंद हाच दुवा असतो, म्हणून दर वेळी निघण्यापूर्वी कागदाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

कवळीच्या पाच फेऱ्या

ज्या दाढा गेल्या त्या गेल्याच होत्या, म्हणून आत्याला पुढे खालच्या जबड्यासाठी काढता-घालता येणारी कवळी करायची ठरली. दात काढल्यानंतर हिरडी आणि हाड भरून येईपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. घाईने केलेली कवळी लवकर सैल होते. त्यानंतर पहिले माप, दुसरे नेमके माप, दोन्ही जबड्यांचा चावा, मेणातली चाचणी आणि शेवटी कवळी हातात, अशा साधारण पाच फेऱ्या होतात.

यांत चौथी फेरी कधीही घाईने उरकू नये. दात मेणात बसवलेले असतात, त्यामुळे रंग, आकार आणि उंची तेव्हाच बदलता येते. एकदा कवळी पक्की झाली की फारसे काही करता येत नाही. त्या दिवशी इंटर्न मुलीने आत्याला खिडकीशी नेले, रंगाची पट्टी तिच्या उरलेल्या दाताला लावून पाहिली आणि हातात आरसा दिला. "आजी, नीट बघा आणि काय वाटते ते मोकळेपणाने सांगा." आत्या बराच वेळ आरशात पाहत राहिली आणि म्हणाली, "बाळा, माझे दात एवढे पांढरे कधीच नव्हते गं. गावात लोक विचारतील." मुलगी हसली, तिने शिक्षकांना बोलावले आणि दोन छटा गडद असलेले दात लावून घेतले. त्याच वेळी "साठ, सत्तर, शंभर" असे मोठ्याने बोलायला लावून उच्चार अडखळतो का, हेही पाहिले.

कवळी मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात हिरडीला कुठेतरी टोचतेच. अशा वेळी ती डब्यात ठेवून देऊ नये किंवा घरी कानशीने घासू नये; जखम दिसावी म्हणून आदल्या दिवशी काही तास वापरून मग विभागात जावे. तिथे टोचणारी जागा घासून देतात. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी.

मुलांसाठी वेगळी वाट

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी कोणताही दात पडलेला नसतो, त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी "पडणारच आहे" म्हणून थांबतात. ती पडणार नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली. या कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते आणि दातांची कीड तसेच दुभंगलेले ओठ व टाळू यांचा त्यात समावेश आहे. पथकाने दिलेली संदर्भचिठ्ठी शाळेच्या दप्तरात पडून राहू देऊ नये. ती घेऊन जिल्हा रुग्णालयात गेल्यास पुढचे उपचार या कार्यक्रमातून मोफत होतात.

योजना कुठे लागू पडते

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दातांचे सगळे उपचार होतात, असा समज घेऊन लोक रुग्णालयात जातात आणि निराश होऊन परततात. साधे भरण, रूट कॅनल किंवा कवळी यांसाठी ही योजना नाही. अपघातात मोडलेला जबडा, तोंडाचा कर्करोग, दुभंगलेला टाळू अशा मोठ्या शस्त्रक्रियांसाठी मात्र तिचा मोठा आधार आहे आणि राज्य शासनाच्या जुलै २०२३ च्या निर्णयानुसार संरक्षणाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये करण्यात आली. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. त्यांच्याशी बोलल्याशिवाय किंवा १५५३८८ या क्रमांकावर चौकशी केल्याशिवाय अशा शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण ठेवू नयेत.

मिश्री, खर्रा, मावा किंवा गुटखा यांची सवय असणाऱ्यांनी दाताच्या दुखण्यासाठी आलेली तपासणी संपूर्ण तोंडाची करून मागावी. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट सहन न होणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे ही लक्षणे दुखत नाहीत म्हणून मागे पडतात. आणि जबड्याखाली सूज येऊन गिळणे, श्वास घेणे किंवा तोंड उघडणे अवघड झाले, सोबत ताप असेल, तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. तिथे निवडीला वेळ नसतो आणि ती मागूही नये.

काही बिनसले तर

ज्यांनी उपचार केले त्यांनाच आधी शांतपणे सांगावे, मग विभागप्रमुखांकडे आणि त्यानंतर अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्यावा. अर्ज एका पानाचा असावा: केसपेपर क्रमांक, तारीख, दाताचा क्रमांक, काय ठरले होते, काय झाले आणि आपल्याला नेमके काय हवे आहे. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेऊनच खिडकी सोडावी.